पायावर सूज, छातीत पाणी : हृदय सांभाळताना किडनी कशी जपायची?



हृदय कमजोर झालेल्या रुग्णाच्या घरात एक गोष्ट वारंवार घडते. पाय सुजतात, पोट फुगते, रात्री आडवे पडले की धाप लागते. माणसाला दवाखान्यात भरती करतात. इंजेक्शनांनी चार-पाच दिवसांत भरपूर लघवी होते, वजन उतरते, सूज जाते. घरी पाठवताना डॉक्टर ‘पाण्याची गोळी’ रोज घ्यायला सांगतात. पुढच्या तपासणीत क्रिएटिनीन १.१ चे १.४ झालेले दिसते. मग शेजारचे कोणीतरी सांगते, “ही गोळी किडनी खाते. बंद करा.” घरातले घाबरतात, गोळी बंद होते. आठ-दहा दिवसांत पाय पुन्हा सुजतात आणि तोच माणूस आधीपेक्षा वाईट अवस्थेत पुन्हा भरती होतो.

यात घरच्यांचा दोष नाही. हृदयासाठी पाणी काढायचे आणि किडनीसाठी पाणी राखायचे, अशा दोन उलट गोष्टी आपल्याला सांगितल्या जात आहेत असे त्यांना वाटते. खरे तर त्या तितक्या उलट नाहीत. अंगात साचलेले पाणी हृदयाइतकेच किडनीलाही घातक असते. हे कसे, आणि घरी काय सांभाळायचे, ते या लेखात समजून घेऊ.

पाणी साचते कशामुळे?

निरोगी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त अंगभर फिरवते. हृदयविकाराचा झटका, वर्षानुवर्षे न सांभाळलेला रक्तदाब, मधुमेह, दारू, किंवा लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजणाऱ्या तापाने खराब झालेल्या झडपा, अशा कारणांनी हृदयाची ताकद कमी होते. हा झडपांचा आजार दाटीवाटीच्या घरांत वाढणाऱ्या मुलांमध्ये जास्त दिसतो. म्हणून मुलांच्या घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. काही बायांचे हृदय बाळंतपणाच्या आसपासच्या दिवसांत कमजोर होते.

यालाच डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. नाव ऐकून हृदय बंद पडले असे वाटते, पण तसे नाही. हृदय चालू असते, फक्त अंगाला लागेल तेवढे काम त्याच्याकडून होत नाही. इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ’ नावाचा आकडा असतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. ४० किंवा त्याखाली असेल तर ‘पंपिंग कमी झाले’ असे सांगतात. मात्र काहींचे हृदय नीट आकुंचन पावते, पण कडक झाल्यामुळे नीट भरत नाही. त्यांचा ईएफ चांगला असूनही पाणी साचते. त्यामुळे ‘इको चांगला आहे, मग सूज कशी?’ असे म्हणून गप्प बसू नये.

आता किडनीकडे येऊ. दोन्ही किडन्यांचे वजन मिळून पाव किलोच्या आसपास असते. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे १ लिटर, त्यांच्याकडे जातो. दिवसभरात त्या साधारण १८० लिटर पाणी गाळतात, त्यातले बहुतेक सगळे रक्तात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात.

हृदय थकले की किडनीकडे जाणारे रक्त कमी होते. किडनीला वाटते, अंगातले पाणी आटले. उन्हात घाम गेल्यावर किंवा जखमेतून रक्त गेल्यावर ती जशी वागते, तशीच ती आता वागते. मीठ आणि पाणी धरून ठेवते. जिथे मीठ जाते तिथे पाणी जातेच. हे धरून ठेवलेले पाणी पायात, पोटात, फुप्फुसात उतरते. अंगात पाणी जास्त झालेले असते आणि किडनी मात्र कमी आहे समजून आणखी साठवत राहते.

नळाला दाब नाही आणि गटार तुंबलेले

किडनीला त्रास दोन बाजूंनी होतो. आपल्या वस्तीतल्या नळ-गटारावरून हे चटकन कळेल.

पहिली बाजू नळाची. हृदय कमजोर असल्याने किडनीकडे येणाऱ्या रक्ताचा जोर कमी पडतो. नळाला करंगळीएवढी धार आली तर भांडी नीट धुतली जात नाहीत, तसे रक्त नीट गाळले जात नाही.

दुसरी बाजू गटाराची. किडनीतून रक्त शिरांवाटे परत हृदयाकडे जाते. पण हृदयासमोर आधीच गर्दी झालेली असते, म्हणून शिरांमधला दाब वाढतो. पुढे गटार तुंबले की मोरीतले पाणी हटत नाही, नळ कितीही सोडा. किडनीतही तसेच होते. मागून दाब आला की गाळण्याचे काम मंदावते.

पूर्वी डॉक्टर मुख्यतः नळाच्या बाजूचा विचार करत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत झालेल्या अभ्यासांतून असे दिसले की भरती होणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये तुंबलेल्या गटाराचा, म्हणजे शिरांमधल्या दाबाचा, वाटा फार मोठा असतो. म्हणूनच अनेक रुग्णांमध्ये साचलेले पाणी काढले की वाढलेले क्रिएटिनीन कमी होते. पाणी काढण्याचा उपचार हाच त्यांच्या किडनीचा उपचार ठरतो.

पाण्याची गोळी करते काय?

फ्युरोसेमाइड आणि टॉरसेमाइड या नेहमीच्या पाण्याच्या गोळ्या आहेत. लॅसिक्स, डायटॉर अशा नावांनी त्या मेडिकलमध्ये मिळतात. किडनी गाळलेले मीठ परत रक्तात ओढत असते. ही गोळी किडनीच्या बारीक नळ्यांमधले ते ओढणे काही तास थांबवते. मीठ लघवीतून निघून जाते आणि त्याच्यामागून पाणी जाते. गोळी किडनीला जाळत नाही, खात नाही. तिचा सूज उतरवण्याचा जोर मोठा असल्याने ती गरजेपेक्षा जास्त झाली तर मात्र अंग कोरडे पडते आणि मग किडनीला रक्त कमी पडते. भीती याची बाळगायची, गोळीची नाही.

या भीतीबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेला हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सूज येऊन भरती झालेल्या ३०८ रुग्णांपैकी काहींना फ्युरोसेमाइडचा त्यांच्या नेहमीच्या गोळीइतकाच डोस शिरेतून दिला, तर काहींना त्याच्या अडीचपट. मोठ्या डोसवाल्यांचे पाणी जास्त निघाले. पहिल्या तीन दिवसांत त्यांच्यापैकी जास्त जणांचे क्रिएटिनीन वाढले, हेही खरे. मोठ्या डोसच्या गटात शंभरात २३ आणि छोट्या डोसच्या गटात १४ जणांचे वाढले. पण ६० दिवसांनी पाहिले तर दोन्ही गटांच्या किडनीच्या कामात फरक उरलेला नव्हता. वाढ तात्पुरती होती.

भरती असताना गोळीऐवजी इंजेक्शन का देतात, असा प्रश्न अनेकजण विचारतात. अंगात पाणी भरले की आतड्यांनाही सूज येते. मग पोटातून गेलेली गोळी रक्तात नीट उतरत नाही. घरी ‘गोळी लागू पडेना’ असे होते त्याचे एक कारण हे असते. अशा वेळी मनाने चार गोळ्या वाढवण्यापेक्षा दवाखाना गाठावा. शिरेतून दिलेल्या पहिल्या डोसनंतर किती लघवी झाली आणि त्या लघवीत मीठ किती गेले, हे पाहून डॉक्टर पुढचा डोस ठरवतात. नर्स लघवी मोजायला भांडे देते, तेव्हा कंटाळा करू नका. एकही लघवी न मोजता टाकू नका. त्या मापावर किडनीची सुरक्षा अवलंबून असते.

“मशीन लावून सगळे पाणी एकदम काढा ना,” असेही नातेवाईक म्हणतात. त्याचाही अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची किडनी आधीच बिघडत होती अशा १८८ रुग्णांमध्ये मशीन आणि पायरीपायरीने वाढवलेली औषधे यांची तुलना केली. वजन दोन्हींकडे सारखेच उतरले. मशीनच्या गटात मात्र क्रिएटिनीन वाढले आणि इतर गुंतागुंतही जास्त झाली. म्हणून डॉक्टर आधी औषधांनी प्रयत्न करतात. औषधांनी भागत नसेल किंवा किडनी अगदीच बंद झाली असेल तेव्हा मशीनचा विचार करतात.

क्रिएटिनीन वाढले : घाबरायचे कधी?

क्रिएटिनीन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. पुरुषात साधारण ०.७ ते १.३ आणि बाईत ०.६ ते १.१ इतके प्रमाण चालते. पण नुसत्या एका आकड्यावर निकाल लावू नये. बारीक, म्हाताऱ्या बाईचे स्नायू कमी असतात, म्हणून तिचे क्रिएटिनीन १.१ असूनही किडनी बरीच थकलेली असू शकते. म्हणून रिपोर्टवरचा ‘ईजीएफआर’ हा आकडाही पाहावा. तो ९० च्या वर असणे चांगले. सलग तीन महिने ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार धरतात.

क्रिएटिनीन वाढले तर स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, माणूस कसा आहे? सूज उतरली, धाप गेली, आडवे झोपता येते, लघवी चांगली होते आणि क्रिएटिनीन थोडेसे वाढले, तर ती वाढ बहुधा तात्पुरती असते. उलट सूज तशीच, धाप तशीच आणि क्रिएटिनीनही वाढते आहे, तर ते जास्त काळजीचे. तिथे पाणी काढणे कमी पडते आहे किंवा हृदय फारच थकले आहे, असे असू शकते.

दुसरा, किती वाढले आणि किती दिवसांत? १.२ चे १.४ होणे आणि चार दिवसांत १.२ चे २.८ होणे, या सारख्या गोष्टी नाहीत.

तिसरा, अंग कोरडे पडले आहे का? उठताना चक्कर येणे, तोंडाला कोरड, पायात वांब येणे, लघवी कमी आणि गडद होणे, वजन डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वजनाच्याही खाली जाणे, ही त्याची खूण. असे असेल तर गोळी कमी करण्याची गरज असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर निर्णय नीट होतो. रिपोर्ट पाहून घरी बसून गोळी बंद करणे हा निर्णय मात्र बहुतेक वेळा अंगावर येतो.

दुसऱ्या गोळ्यांचे काय?

हृदयाच्या चिठ्ठीवर रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांपैकी एखादी गोळी असते. तिने हृदयावरचा भार हलका होतो. सुरुवातीला क्रिएटिनीन थोडे वाढते. आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण पुढे जाऊन या गोळ्यांचा फायदा मोठा असतो. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासणे मात्र गरजेचे.

स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी. ईएफ कमी असलेल्या रुग्णांचे आयुष्य तिने वाढते हे १९९९ मधल्या मोठ्या अभ्यासात दिसले. तिने रक्तातले पोटॅशियम वाढते. साधारण ३.५ ते ५ हे प्रमाण ठीक. ५.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना लगेच सांगायला हवे, कारण फार वाढलेले पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवते. किडनी थकलेली असेल तर हा धोका आणखी वाढतो.

अलीकडची गोळी म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन आणि तिच्याच घरातली एम्पाग्लिफ्लोझिन. या मूळच्या मधुमेहाच्या गोळ्या. पण मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही डॅपाग्लिफ्लोझिनचा फायदा होतो हे २०१९ मध्ये आणि ती किडनीचा ऱ्हास मंदावते हे २०२० मध्ये दिसून आले. म्हणजे हृदय आणि किडनी दोन्ही जपणारी ही गोळी. “मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का दिली?” म्हणून ती टाकून देऊ नका. भारतात तिचे पेटंट २०२० मध्ये संपल्यावर अनेक कंपन्या ती बनवू लागल्या आणि किंमत बरीच उतरली. ती घेताना लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी, त्रास झाला तर लाजू नये, डॉक्टरांना सांगावे.

किडनीचे खरे शत्रू

डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या गोळ्यांना आपण भितो आणि चिठ्ठीबाहेरच्या गोष्टी बिनधास्त घेतो. खरे नुकसान बहुतेकदा तिथून होते.

अंगदुखीच्या गोळ्या. बांधकामावर, घरकामाला, हमालीला जाणाऱ्या माणसाचे अंग दुखतेच. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून तो कामावर जातो. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी अडवतात आणि पाण्याच्या गोळीचा जोर मारतात. पाण्याची गोळी, रॅमिप्रिलसारखी गोळी आणि वर अंगदुखीची गोळी, हे त्रिकूट एकत्र आले की किडनी अचानक बंद पडू शकते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, मर्यादेत घ्यावे. मेडिकलवाल्याला आधीच सांगावे, “हृदयाचा पेशंट आहे, पाण्याची गोळी चालू आहे.”

ताकदीचे सलाईन. अशक्तपणा वाटला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यायची सवय आहे. नेहमीच्या खारट सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. म्हणजे दिवसभराचे बहुतेक मीठ आणि अर्धा लिटर पाणी तासाभरात थेट रक्तात. कमजोर हृदयाच्या माणसाच्या फुप्फुसात त्याने पाणी भरू शकते. सलाईन ही ताकद नाही. खरोखर अंग कोरडे पडले असेल तर डॉक्टर मोजून देतात, तो भाग वेगळा.

काढे, भस्मे आणि पुड्या. ‘किडनी साफ करणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत काय आहे ते पुडीवर लिहिलेले नसते. काही भस्मांत पारा, शिसे असे धातू आढळले आहेत आणि ते किडनीला इजा करतात. लघवी वाढवणारा काढा आणि पाण्याची गोळी एकत्र घेतली तर अंग गरजेपेक्षा जास्त कोरडे पडू शकते. काहीही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

‘लो सोडियम’ मीठ. पाकिटावर हृदयासाठी चांगले असे लिहिलेले असते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. निरोगी माणसाला ते चालेल, पण किडनी थकलेल्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल घेणाऱ्या माणसाला ते धोक्याचे. रोज शहाळ्याचे पाणी पिण्यालाही हेच लागू आहे.

घरी करायच्या चार गोष्टी

१. रोज वजन. सकाळी लघवी-संडास झाल्यावर, चहा-नाश्त्याआधी, त्याच साध्या कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पायावर सूज दिसायच्या आधी काटा ती सांगतो. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वजन वाढले तर वाट पाहू नका, डॉक्टरांना गाठा. वजन ठरलेल्यापेक्षा दोन किलोने खाली गेले आणि चक्कर येत असेल तरीही गाठा. प्रत्येक घराला काटा परवडेलच असे नाही. विहारात किंवा महिला मंडळात वर्गणीतून एक काटा ठेवला तर गल्लीतल्या सगळ्या हृदय आणि किडनीच्या रुग्णांचे काम भागते.

२. मीठ कमी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा मीठ सांगते. आपल्या देशात प्रौढ माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो. पाण्याची गोळी जेवढे मीठ बाहेर काढते तेवढे आपण पापड-लोणच्याने परत भरले तर गोळी वाढवत जावी लागते. लोणचे, पापड, फरसाण, वेफर, खारे शेंगदाणे, खारवलेले बोंबील आणि सुकट, बाहेरचा वडापाव आणि चायनीज यांत मीठ खच्चून असते. सुकी मासळी खायचीच असेल तर क्वचित, थोडी, आणि दोन-तीनदा पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून. खायचा सोडा आणि पोटातल्या गॅससाठी घेतात ती फसफसणारी पावडर यांतही सोडियम असते. सैंधव आणि काळे मीठ हेही मीठच, ‘ते चालते’ हा गैरसमज आहे. भाकरी बिनमिठाची करा. भाजीला लसूण, मिरची, जिरे, लिंबू, कोथिंबीर यांनी चव आणा. एकट्या आजाऱ्याचे ताट अळणी करण्यापेक्षा सगळ्या घराचे मीठ थोडे थोडे कमी करा. रक्तदाब घरात इतरांनाही असतोच.

३. पाणी डॉक्टर सांगतील तेवढे. प्रत्येकालाच पाणी कमी करावे लागत नाही. ज्यांना दीड किंवा दोन लिटरची मर्यादा दिली आहे त्यांनी सकाळी तेवढे पाणी बाटल्यांत भरून ठेवावे. चहा, ताक, वरणाचे पाणी घेतले की तेवढे बाटलीतून कमी करावे. ‘किडनीसाठी भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मुतखड्याच्या माणसासाठी असतो. तो हृदयाच्या रुग्णाला लावू नका. उलट भीतीने पाणी तोडूनही टाकू नका, विशेषतः उन्हाळ्यात.

४. गोळीची वेळ. ही गोळी घेतल्यावर तासाभरात लघवी लागू लागते आणि फ्युरोसेमाइडचा परिणाम सुमारे सहा तास राहतो. सार्वजनिक शौचालय लांब, रांग मोठी, कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत. म्हणून अनेक बाया सकाळची गोळी गुपचूप टाळतात किंवा दिवसभर पाणी पीत नाहीत. दोन्हींनी नुकसान होते. गोळी चुकवण्याऐवजी वेळ बदला. कामावरून दुपारी परत येत असाल तर ‘दोन वाजता घेतली तर चालेल का?’ असे डॉक्टरांना सरळ विचारा. बहुतेक वेळा चालते. फक्त संध्याकाळी उशिरा घेऊ नका, नाहीतर रात्रभर अंधारात उठावे लागते आणि पडण्याची भीती असते.

जुलाब, उलटी, कडक ऊन

ज्या गोळ्या एरवी जपतात त्याच या दिवसांत किडनीला भारी पडू शकतात. जुलाब-उलट्या होत आहेत, जेवण जात नाही, ताप आहे, तेव्हा अंगातले पाणी आधीच कमी होते. त्यावर पाण्याची गोळी, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन चालू राहिली तर किडनीला रक्त कमी पडते. अशा वेळी डॉक्टर यांतल्या काही गोळ्या एक-दोन दिवस थांबवतात आणि खाणे-पिणे सुरळीत झाले की पुन्हा सुरू करतात. रात्री-बेरात्री डॉक्टर सापडत नाहीत, म्हणून पुढच्या भेटीतच विचारून केसपेपरवर लिहून घ्या : “जुलाब-उलटी झाली तर कोणती गोळी थांबवायची, किती दिवस?” जुलाबात मीठ-साखरेचे पाणी नाकारू नका, घोट घोट द्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

तपासण्या आणि खर्च

क्रिएटिनीन, सोडियम आणि पोटॅशियम या साध्या तपासण्या आहेत. दवाखान्यातून सुटल्यावर एक-दोन आठवड्यांत डॉक्टरांना दाखवून त्या करून घ्या. नंतर तब्येत स्थिर असली तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करत राहा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लघवीतले प्रथिनही तपासावे. अँजिओग्राफी किंवा रंग घालून सिटीस्कॅन करायचे ठरले तर ‘किडनीचा रिपोर्ट असा आहे’ हे आधी सांगावे, कारण त्या रंगाचा किडनीवर भार पडू शकतो. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. मागचा आकडा हातात असला तरच आजचा आकडा कळतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. भरती होऊन उपचार घ्यायचे असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन भरतीच्या आधी किंवा भरती होताच त्याला भेटा. रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात का ते पाहा. पैशाअभावी गोळी सोडावी लागत असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याच गुणाची स्वस्त गोळी बहुधा असते.

ताबडतोब न्या

बसल्या जागी धाप लागणे, रात्री दम कोंडून उठून बसावे लागणे, गुलाबी फेसाळ थुंकी येणे, छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, बारा तासांत लघवीच न होणे, माणूस गुंगीत जाणे किंवा असंबद्ध बोलणे, यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे न झोपवता पाठीला टेकू देऊन बसवा. भोवळ आलेली असेल तर मात्र आडवेच ठेवा. सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि वजन लिहिलेले कॅलेंडर सोबत घ्या. त्यावरून तिथल्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत बरेच काही कळते.

कोणी काही सांगितले म्हणून मान्य करू नका, तपासून घ्या. शेजाऱ्याचे सांगणे असो, मोबाइलवर आलेला निरोप असो, की हा लेख असो, तुमच्या रुग्णाला काय लागू पडते हे त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पुढच्या भेटीला जाताना फक्त तीन प्रश्न कागदावर लिहून न्या : आमच्या माणसाचे योग्य वजन किती? ते किती वाढले किंवा उतरले की आम्ही यायचे? आणि कोणत्या गोळ्या आम्ही कधीच घ्यायच्या नाहीत? उत्तरे मिळाली की तो कागद वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर चिकटवा, म्हणजे घरात जो कोणी हजर असेल त्याला तो वाचता येईल.